परवान्याची बंदूक

भारतात बंदूक जवळ ठेवायची तर सरकारी परवाना लागतो. ही व्यवस्था १८५७ च्या धामधुमीत सुरू झाली आणि १८७८ च्या कायद्याने पक्की झाली. त्याआधी हत्यार ही घरातली वस्तू होती. पाटील, देशमुख, इनामदार, तसेच रामोशी, बेरड, भिल्ल यांच्याकडे तलवार, भाला किंवा तोड्याची बंदूक असणे हा त्यांच्या वतनाचा आणि कामाचा भाग होता. गावची राखण करणारा रामोशी रिकाम्या हाताने हिंडेल, अशी कल्पनाही कोणी केली नसती. खंडेनवमीला घरोघर शस्त्रे पुजली जात ती याच रिवाजामुळे. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तेव्हा कंपनी सरकारने फौजा मोडल्या, किल्ले निकामी केले. पण रयतेच्या घरातल्या हत्यारांना सरसकट हात घातला नाही. तेवढी गरज त्याला वाटली नसावी.

१८५७ मध्ये ती वाटली. त्या वर्षी शस्त्रांची नोंद करण्याचा आणि परवान्याशिवाय ती न बाळगण्याचा हुकूम निघाला. त्याला सगळ्यांत तिखट उत्तर मिळाले ते दक्षिण मराठा मुलखात. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेरडांनी हत्यारे द्यायला नकार दिला. हत्यार हेच त्यांच्या पोटापाण्याचे साधन होते आणि तीच त्यांची अब्रू. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौज गावात शिरली, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली आणि पुढे एकोणीस जणांना फाशी झाली. या प्रसंगावर रचलेला कानडी पोवाडा मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी आणि पुराभिलेखांचा अभ्यासक जे. एफ. फ्लीट याने नंतर गोळा करून छापला. हलगलीची आठवण टिकली ती बरीचशी त्यामुळे. पुढच्याच वर्षी नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांच्याकडे तोफा आणि दारूगोळा मागण्यात आला. दत्तकाची परवानगी नाकारली गेल्याने ते आधीच दुखावलेले होते. मे १८५८ मध्ये पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिली गेली. भारतातल्या शस्त्रनियंत्रणाची सुरुवात ही अशी आहे. प्रजेचे जीव वाचावेत म्हणून हा कायदा आलेला नाही. राज्याला आपल्या जिवाची धास्ती वाटली म्हणून तो आला, आणि पुढची शंभर वर्षे त्याची घडण याच धास्तीने ठरवली.

१८६० मध्ये आणखी एक कायदा झाला, आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत ‘इंडियन आर्म्स ॲक्ट’ आला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा. नव्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगणे, ती घेऊन फिरणे, बनवणे, विकणे आणि परदेशातून आणणे या सगळ्यांवर परवान्याची अट घातली. मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि लपवाछपवी केली तर सात वर्षांपर्यंत. कायद्याच्या मुख्य मजकुरात गोऱ्या-काळ्याचा भेद नव्हता. तो सवलतींच्या यादीत होता. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना परवान्याची गरज नव्हती. संस्थानिक, बडे सरदार आणि सरकारी किताबवाले यांनाही सूट होती. कुर्गच्या कोडवांना तर १८६१ पासूनच जात म्हणून सूट मिळालेली होती, कारण ते इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले होते. बाकीच्यांनी जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा.

त्या अर्जावर मॅजिस्ट्रेट काय पाहत असे, यातच कायद्याचा सगळा स्वभाव दिसतो. अर्जदार कोणत्या घराण्यातला, सारा किती भरतो, सरकारशी त्याची वागणूक कशी, कोणा साहेबाची शिफारस आहे का, हे पाहिले जाई. त्याला बंदूक चालवता येते का, घरात ती कुठे ठेवणार, पोरांच्या हाती लागणार नाही ना, दारू पिऊन ती उचलण्याची सवय तर नाही ना, यांपैकी काहीही कोणी विचारत नसे. परवाना हे राजनिष्ठेचे प्रशस्तिपत्रक होते. ते मिळवणारा माणूस गावात मोठा ठरे आणि बंदूक ओसरीवरच्या खुंटीला टांगलेली असे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून.

या कायद्याने एका धंद्याचीही वाट लावली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, त्यांना पाणी देणारे कारागीर. फौजा होत्या तोवर त्यांना मान होता. शस्त्रे बनवणे आणि दुरुस्त करणे परवान्याखाली आल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळांनी चाकू-कात्र्यांना धार लावायला, चाळण्या आणि लोखंडी भांडी करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या गावोगाव सायकलच्या चाकावर सहाण बसवून फिरणारा शिकलगार त्याच कारागिरांचा वारस. मध्य प्रदेशात सातपुड्याच्या पट्ट्यात राहिलेल्या काही सिकलीगर वस्त्यांत मात्र जुनी कला चोरून चालू राहिली. जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या उमर्टीचे नाव पुण्या-मुंबईच्या पोलिसांच्या तोंडी वरचेवर येते ते तिथून येणाऱ्या गावठी पिस्तुलांमुळे. त्यापायी सगळ्या जमातीवर संशयाचा शिक्का बसला, आणि तो अन्यायाचा आहे. पण कायद्याने बंद केलेला हुनर अंधारात जातो, हे इथे दिसते. बिहारमधल्या मुंगेरचीही गत तीच. मीर कासीमच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिथे बंदुकांचा कारखाना उभा राहिला, आणि आज ‘कट्टा’ म्हटले की लोकांना मुंगेरच आठवते.

ज्यांच्या धास्तीने कायदा झाला त्यांना तो अडवू शकला का? फारसा नाही. कायदा होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, १८७९ च्या आरंभी, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना बरोबर घेऊन पुणे जिल्ह्यात दरोडे सुरू केले. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यातल्या गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनला मारले. कान्हेरेच्या हातातले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आले होते. विनायक दामोदर सावरकरांनी पाठवलेली अशी वीस पिस्तुले तिथल्या इंडिया हाउस या वसतिगृहाचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने पेटीच्या दुहेरी तळात लपवून मुंबईला उतरवली होती. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कलकत्त्यात तर चोरी परवानाधारक दुकानाच्याच मालाची झाली. ऑगस्ट १९१४ मध्ये रॉडा कंपनीच्या मालातल्या पेट्या जकातगोदामातून सोडवून आणताना कारकुनानेच वाटेत गायब केल्या. पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांच्या हाती पडली. म्हणजे एका वाटेवर तस्करी आणि दुसऱ्या वाटेवर परवानाधारकाकडची गळती. दोन्ही वाटा आजही त्याच आहेत.

राष्ट्रीय चळवळीच्या मनात हा कायदा एक सल होऊन बसला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच काँग्रेसने तो बदलण्याची मागणी केली. अपमान दुहेरी होता: एक तर अख्ख्या देशावर अविश्वास, आणि वर गोऱ्याला सूट. शेतकऱ्याला रानडुकरापुढे आणि वाघापुढे हात जोडून उभे राहावे लागते, ही व्यवहारातली तक्रारही होती. गांधीजींची या बाबतीतली भूमिका आज अनेकांना चक्रावून टाकते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना त्यांनी लिहिले की इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा गणला जाईल. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढे मांडलेल्या अकरा मागण्यांत, मीठकर रद्द करण्याच्या जोडीला, स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे अशीही एक मागणी होती. यातले ‘लोकांचे नियंत्रण’ हे शब्द महत्त्वाचे; शस्त्रे मोकाट वाटा, असे गांधीजी म्हणत नव्हते. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क नियमांच्या अधीन राहून मूलभूत हक्कांत घातला गेला. दरम्यान १९२० च्या नियमांनी गोऱ्यांची सूट कागदावरून काढली होती, पण परवाना देणारा हात तोच राहिला.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये नथुराम गोडसेने गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या. ते इटालियन बनावटीचे, ९ मिलिमीटरचे बेरेटा पिस्तूल होते. ग्वाल्हेरहून, खुनाच्या दोनच दिवस आधी मिळवलेले आणि अर्थातच विनापरवाना. खटल्यातला माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान चालवत असे. समोर चाकू-सुरे मांडलेले आणि आडून इतर मालाची देवघेव. फाळणीच्या वर्षात संस्थानांतून, लष्करी छावण्यांतून आणि निर्वासितांच्या सामानातून किती हत्यारे हातोहात फिरली याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. लाल किल्ल्यातल्या खटल्याने खुनाचा आणि कटाचा निवाडा केला. पिस्तूल इतक्या सहज हाती कसे आले, हा प्रश्न त्या मानाने बाजूला पडला.

त्याच वर्षी, डिसेंबरच्या सुरुवातीला, संविधान सभेपुढे हा विषय आला. हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली आणि कराची ठरावाची आठवण दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. इंग्रजांनी हत्यारे नाकारली तेव्हा ती मागणी योग्य होती, पण आता परिस्थिती बदलली आहे, असे त्यांनी म्हटले. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते मारक साधन विनाअडथळा विकत घेण्याचा हक्क असेल, तर राज्याने कारभार करायचा तरी कसा, असा त्यांचा सवाल होता. त्यापुढे जाऊन त्यांनी मुद्दाच उलटा केला: आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरावा. राज्यावर संकट आले तर नागरिकाला शस्त्र हाती घ्यायला सांगण्याचा अधिकार राज्याला असला पाहिजे. दुरुस्ती फेटाळली गेली. दहा महिन्यांपूर्वीच्या खुनाची सावली या चर्चेवर असणारच. पण निर्णय झाला तो राज्यकारभाराच्या तर्कावर. स्वतंत्र भारतात बंदूक हा हक्क नाही, ती परवानगीची गोष्ट आहे, हे तेव्हा ठरले आणि तेव्हापासून बदललेले नाही.

१८७८ चा कायदा स्वराज्यातही पंधरा वर्षे तसाच राहिला. नवा शस्त्र कायदा १९५९ मध्ये मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. तो जुन्यापेक्षा उदार होता, निदान उद्देशाने. बंदूक आणि इतर हत्यारे यांच्यात त्याने फरक केला. अर्ज नाकारायचा तर कारणे नोंदवण्याची आणि अपिलाची सोय केली. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत, म्हणजे छऱ्याची बंदूक, आणि पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला कारण खरे असेल तर परवाना द्यावा, असे कलम १३ मध्ये लिहिले गेले. या एका ओळीवर कोकणातली आणि गोव्यातली हजारो घरे आजही उभी आहेत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ‘शेतीसंरक्षणाचे लायसन’ आजोबाकडून मुलाकडे आणि नातवाकडे येते. सुपारी, नारळ, काजू आणि भाताची राखण त्यावर चालते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. तेव्हापासून बंदूक पिकासाठी असली तरी रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. निवडणूक लागली की बंदूक पोलिस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, आणि नेमके तेव्हाच डुकरे बागेत शिरतात, अशी शेतकऱ्यांची कुरकुर असते. तिच्यात तथ्य आहे. पण रात्री झुडपात हललेल्या सावलीवर बार काढला आणि तिथे सोबतीच निघाला, अशा बातम्याही याच भागातून अधूनमधून येतात. नव्या कायद्यानेही बंदूक कोणाला द्यायची एवढेच ठरवले. ती चालवायला शिकवण्याची तजवीज त्यात नव्हती.

शहरातली गोष्ट वेगळी. तिथे परवाना पीक राखण्यासाठी नसतो. पैसा, जमीन किंवा राजकारण राखण्यासाठी असतो. लष्कर आणि पोलिस वापरतात ती काडतुसे, म्हणजे ९ मिलिमीटर, .३८, .३०३ वगैरे, ‘प्रतिबंधित बोअर’ ठरवली गेली, आणि सामान्य परवानाधारकासाठी .३२ चे रिव्हॉल्व्हर, .३१५ ची रायफल आणि बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी उरली. ही शस्त्रे कानपूर आणि इशापूरच्या सरकारी कारखान्यांत बनू लागली. काडतुसांसाठी पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ पासूनचा कारखाना होताच. ऐंशीच्या दशकात खाजगी आयात जवळपास बंद झाली आणि जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांचे भाव गगनाला भिडले. बंदूक हे स्थावर मालमत्तेसारखे काहीतरी झाले. कमरेला रिव्हॉल्व्हर, मागे पुढाऱ्याचा फोटो आणि पांढरी गाडी हे चित्र त्याच काळात रूढ झाले. इंग्रजांच्या वेळी जो मान किताबवाल्याला होता तो आता आमदाराच्या माणसाला मिळाला.

ऐंशीच्या दशकातल्या रक्तपाताने कायद्याला कडक केले. १९८३ मध्ये एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन बंदुका अशी मर्यादा आली, परवाना देण्याआधी पोलिसांचा अहवाल सक्तीचा झाला आणि शिक्षा वाढल्या. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा खून त्यांच्याच अंगरक्षकांनी सरकारी शस्त्रांनी केला. १० ऑगस्ट १९८६ रोजी निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांना पुण्यात भर रस्त्यात मारले गेले. १९८८ मध्ये कलम २७ ला एक जोड मिळाली: प्रतिबंधित शस्त्राने मृत्यू घडवणाऱ्याला फाशीच, दुसरी शिक्षा नाही. न्यायाधीशाच्या हाती काहीच न ठेवणारी ही तरतूद चोवीस वर्षे पुस्तकात राहिली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. ज्या खटल्यात हे झाले त्यातला आरोपी अतिरेकी नव्हता. सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्याचा आरोप असलेला निमलष्करी दलातला जवान होता. घाईघाईत केलेले कडक कायदे बहुधा असेच भलत्याला जाऊन लागतात.

मुंबईने १९९२ आणि १९९३ मध्ये जे पाहिले त्यापुढे परवान्याचा कायदा फारच तोकडा होता. सप्टेंबर १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयात टोळीयुद्धातल्या मारेकऱ्यांनी एके-४७ चालवली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींच्या सुमारास रायगड किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी इथे आरडीएक्स आणि रायफली उतरल्या, आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. हा माल किनाऱ्यावरून शहरापर्यंत पोचला तो जकात आणि पोलिस खात्यातल्या काही जणांनी डोळेझाक केल्यामुळे; त्यांच्यावर खटले चालले आणि त्यांना शिक्षाही झाल्या. लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो अभिनेता संजय दत्त याचा खटला. कटाच्या आरोपातून तो सुटला, पण बेकायदा एके-५६ आणि पिस्तूल बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये शिक्षा पाच वर्षे केली. दंगलीच्या भीतीने कुटुंबाच्या रक्षणासाठी शस्त्र घेतले, असे त्याचे म्हणणे होते. भीती खरी असेलही. पण स्वसंरक्षण या शब्दाखाली काय काय घरात येऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याच शहरात दहशतवादी हल्ल्यांत १६६ जण मारले गेले तेव्हा छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हाती .३०३ च्या जुन्या रायफली होत्या, आणि हल्लेखोर अजमल कसाबला जिवंत पकडताना पोलिस तुकाराम ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती.

इतर देशांत एकेका दिवसाने कायदा उलटापालटा झाल्याची उदाहरणे आहेत. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. मारेकऱ्याची पिस्तुले परवान्याची होती, आणि त्याचा परवाना काढून घ्यावा असे एका पोलिस अधिकाऱ्याने पाच वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. दोष कायद्याचा होता तसा तो राबवणाऱ्यांचाही होता, हे लॉर्ड कलन यांच्या चौकशीत पुढे आले. पालकांच्या रेट्याने १९९७ मध्ये ब्रिटनने खाजगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी घातली. १९९६ च्याच एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर इथे ३५ जण मारले गेले. बारा दिवसांत सर्व राज्यांनी एक करार मान्य केला आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन मोडीत काढल्या. त्या कराराने स्वसंरक्षण हे परवान्याचे कारण मानायचेच नाही असे ठरवले. भारतात आजही तेच कारण सर्वांत जास्त चालते. खुद्द सरकारही ते चालवते: डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कार प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत सुमारे सव्वा लाख. रात्रीच्या बसने घरी जाणाऱ्या मुलीला तेवढ्या पैशांत आणि परवान्याच्या तेवढ्या खेपांत काय संरक्षण मिळणार होते, हे तेव्हाही अनेकांनी विचारले.

भारतात असा एक दिवस उलटापालट घडवू शकलेला नाही, आणि त्याला एक कारण आहे: इथले बहुतेक खून विनापरवाना शस्त्राने होतात. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर २०१३ मध्ये पुण्यात, गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात, त्याच वर्षी एम. एम. कलबुर्गी यांच्यावर धारवाडला आणि गौरी लंकेश यांच्यावर २०१७ मध्ये बंगळुरूत जीवघेणा गोळीबार झाला. तपासात पुढे आली ती ७.६५ मिलिमीटरची गावठी पिस्तुले. परवान्याचे नियम कितीही घट्ट केले तरी अशी पिस्तुले बनवणारा, पोचवणारा आणि विकत घेणारा त्या नियमांच्या बाहेरच असतो. त्यामुळे ‘परवानाधारकाला का छळता’ हा प्रश्न बंदूकमालकांच्या संघटना सतत विचारतात. तो प्रश्न फेकून देण्यासारखा नाही, पण अर्धाच आहे.

उरलेल्या अर्ध्याकडे, म्हणजे परवानाधारकाच्या स्वतःच्या जबाबदारीकडे, कायदा वळला तो फार उशिरा. परवान्यांची राष्ट्रीय नोंदवही या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. तोवर एका जिल्ह्यात नाकारलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून परवाना आणू शके. २०१६ च्या नियमांनी पहिल्यांदा शस्त्र सुरक्षित वापरण्याचे प्रशिक्षण, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला आणि घरात शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी मागितली. लिटनच्या कायद्यापासून मोजले तर १३८ वर्षांनी. २०१९ च्या दुरुस्तीने तीन बंदुकांची मर्यादा दोनवर आली; मूळ विधेयकात ती एक होती, पण खासदारांनीच विरोध केला. लग्नात, मिरवणुकीत किंवा देवळात हर्षाने हवेत गोळ्या झाडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठरला. उत्तरेत अशा बारांनी नवरदेव आणि बघे मेल्याच्या बातम्या दर लग्नसराईत येत होत्या, तरी तो वेगळा गुन्हा व्हायला एवढा काळ लागला. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, म्हणजे माणसाची पुन्हा पारख होण्याची वेळ आणखी लांबली.

त्या पारखीची गरज किती आहे ते लवकरच दिसले. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने सरकारी रायफलीतून आपल्या वरिष्ठावर आणि तीन प्रवाशांवर गोळ्या झाडल्या, चौघेही मेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या एका पोलिस ठाण्यातच गोळीबार झाला आणि त्यात एका आमदारावर गुन्हा दाखल झाला. त्याच आठवड्यात दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाचा खून झाला. ज्याने गोळ्या झाडल्या त्याच्याकडे परवाना नव्हता. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते आणि पिस्तुलाचा परवाना उत्तर प्रदेशातला. तो अंगरक्षक शस्त्र कुठे ठेवतो आणि ते कोणाच्या हाती लागते, हे परवाना देणाऱ्या जिल्ह्याला किंवा मुंबईला कळण्याची कोणतीच सोय नव्हती.

आजच्या कायद्यात विनापरवाना शस्त्र बनवणाऱ्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. परवान्याच्या अटी मोडणाऱ्याला, म्हणजे बंदूक उघड्यावर टाकणाऱ्यालाही, कलम ३० खाली जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड आहे.